खोका उघडण्याआधी

बाळा, तू स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडणार आहेस हे ऐकून बरं वाटलं. नोकरीचे पहिले पगार साठवून तू मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड असं एकेक घेणार, आणि यातलं बहुतेक ऑनलाइनच येणार. आमच्या वेळी सुटा भाग हवा असला की पिंपरी कॅम्पात शगुन चौकाच्या आसपास नाहीतर पुण्याला जायचं. मोठी खरेदी असली तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा. काउंटरवर भाग चालवून बघायचा आणि मग पैसे मोजायचे. बिघडला तर त्याच काउंटरवर परत उभं राहायचं. आता दुकानदार दिसत नाही, त्यामुळे भांडायचं कोणाशी हेच आधी कळत नाही. मी भोसरीला कारखान्यात आवक मालाच्या तपासणीत होतो, नंतर इथे रहाटणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं. दोन्हीकडे एकच दिसलं. माल आत घेताना पाच मिनिटांत जे करायचं राहून जातं, ते पुढे महिनाभर भांडूनही हाती लागत नाही.

आधी विकणारा कोण ते बघ. संकेतस्थळाचं नाव मोठं असतं, पण माल बहुधा दुसराच कोणी विकत असतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क दाखवणं संकेतस्थळावर बंधनकारक आहे. वस्तूच्या पानावर विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवलंस की ते उघडतं. त्याचा जीएसटी नंबर मिळाला तर जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघ, नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते तिथे लगेच कळतं. नंबर पंधरा अंकाक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: २७ असेल तर महाराष्ट्र, ०७ दिल्ली, २९ कर्नाटक. परराज्यातला विक्रेता वाईट असं मी म्हणत नाही. पण पत्ता एका राज्याचा आणि नंबर दुसऱ्या राज्याचा दिसला, तर थांबून विचार कर.

वॉरंटीचं तर दहादा वाच. ‘३ वर्षं वॉरंटी’ एवढं पुरेसं नाही, ती कोण देणार हे महत्त्वाचं. बनवणारी कंपनी देणार असेल तर ती तिच्या सर्व्हिस सेंटरवर मिळते. विक्रेता देणार असेल, तर तो विक्रेता जेवढे दिवस टिकेल तेवढीच ती टिकते. प्रोसेसरचंच बघ. खोक्यातला प्रोसेसर आणि ट्रेमधला सुटा प्रोसेसर काम सारखंच करतात, सुटा थोडा स्वस्तही पडतो. पण २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष निघाला आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, तेव्हा खोक्यातला माल घेणारे थेट इंटेलकडे गेले. ट्रेमधला घेणाऱ्यांना सांगितलं गेलं की जिथून घेतला तिथे विचारा. स्वस्ताईत किती वाचलं आणि किती गेलं, याचा हिशेब त्या दिवशी झाला.

आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहकसेवेचा संपर्क छापलेला हवा, हा वजन-मापे कायद्याखालचा नियम आहे. असं स्टिकर नसेल तर तो माल रीतसर वाटेने भारतात आला का, हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण तशा मालाला इथलं सर्व्हिस सेंटर बहुधा हात लावत नाही. हार्ड डिस्कबाबत आणखी जप. डिस्क हातात आली की तिचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाक. दुसऱ्या कॉम्प्युटर कंपनीसाठी घाऊक दिलेली डिस्क असेल तर ‘वॉरंटी नाही’ असं तिथे स्पष्ट दिसतं. २०२५च्या जानेवारीत जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. त्यांच्या नेहमीच्या नोंदीत वापराचे तास शून्यावर आणलेले होते. कंपनीच्या ‘फार्म’ नावाच्या आतल्या नोंदीत मात्र खरे हजारो तास सापडले. म्हणून डिस्क लावल्या दिवशीच तास तपासायचे, महिन्याने नाही. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, तेव्हापासून त्याच्या खाणकामात रात्रंदिवस राबलेली कार्डं पुसूनपासून बाजारात आली. फार स्वस्त कार्ड दिसलं की आधी ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द शोध, आणि नाही दिसला तर विक्रेत्याला लेखी विचार.

आता माझी सगळ्यात कळकळीची सूचना. सगळे भाग एकाच आठवड्यात हातात येतील अशी ऑर्डर दे. तुमची पिढी दिवाळीच्या सेलमध्ये मदरबोर्ड घेते, रॅम नंतर कधीतरी, प्रोसेसर पुढच्या पगाराला. कॉम्प्युटरच्या भागांवर बहुतेक ठिकाणी सात-दहा दिवसांची बदली असते, परतावा नसतोच. दोन महिने खोक्यात पडलेला बोर्ड प्रोसेसर आल्यावर सुरू झाला नाही, तर बदलीची मुदत कधीच संपलेली असते. मग विक्रेता म्हणतो कंपनीकडे जा, आणि कंपनी म्हणते पाठवा, बघतो. माझ्या दुकानात रडकुंडीला आलेली पोरं बहुतेक याच कारणाने यायची. सेलमध्ये घ्यायचंच असेल तर बोर्ड आल्या आल्या जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन त्याच्या प्रोसेसरवर चालवून बघ. तो थोडे पैसे घेईल, ते दे.

ऑर्डर करताना वस्तूच्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घे. किंमत, विक्रेता, वॉरंटीची ओळ, बदलीचे दिवस, पोचायची तारीख हे सगळं त्यात यायला हवं. पान उद्या बदलतं आणि मग तुझ्याकडे फक्त आठवण उरते. पैसे भरायच्या पानावर जादा वॉरंटी किंवा विमा आधीच टिक केलेला दिसला तर काढून टाक. अशी आधीच मारलेली टिक नियमात बसत नाही. न मागता टोपलीत वस्तू घालणं, खोटी घाई दाखवणं अशा १३ फसव्या रीतींवर ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्राने बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पैसे शक्यतो कार्डाने भर. छोटी संकेतस्थळं कार्डावर दोन टक्के जादा लावतात आणि ‘बँकेत थेट टाका’ म्हणतात. ते दोन टक्के मी तरी देतो, कारण कार्डाचे पैसे वादात घालायची सोय बँकेकडे असते. थेट पाठवलेले पैसे परत आणणं फार कठीण.

रॅमबद्दल एक सांगतो. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे भाव भडकले. ३ डिसेंबरला मायक्रॉनने तर क्रुशल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव असे चढत असतात तेव्हा जुन्या भावातली ऑर्डर ‘स्टॉक नाही’ म्हणून रद्द करायचा मोह विक्रेत्याला होतो. तुझी ऑर्डर अशी रद्द झाली तर तोच माल तिथेच चढ्या भावात विकायला आहे का ते बघ, आणि असेल तर त्याचाही स्क्रीनशॉट काढून ठेव. तक्रारीत तोच सगळ्यात वजनदार कागद ठरतो.

पत्ता नीट लिहायला शीक. रहाटणीचा पिन ४११०१७, कोकणे चौक ओलांडला की पिंपळे सौदागर, तिथला ४११०२७. आपल्याकडच्या काही सोसायट्या दुसराच पिन लिहितात आणि पार्सल भलत्या केंद्रावर फिरत राहतं. नखाते वस्ती, काळेवाडी फाटा यातली जवळची खूण, सोसायटीचं पूर्ण नाव, इमारत, मजला सगळं लिही. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते म्हणून डिलिव्हरीही गुरुवारचीच घ्यावीशी वाटते. पण महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात, लाईट नसली तर भाग तपासणार कसा? बुधवारी माल आला आणि गुरुवारी निवांत जोडला, असं जमलं तर उत्तम. ‘ग्राहक घरी नव्हता’ असा खोटा शेरा पडला तर त्याच दिवशी कळव. सोसायटीच्या गेटवरच्या नोंदवहीचा किंवा अ‍ॅपमधल्या नोंदीचा फोटो जोड. त्या दिवशी डिलिव्हरीवाला गेटवर आलाच नाही, हे तिथूनच सिद्ध होतं.

दिवसा तू नसतोस, पार्सल घरचे घेतात. त्यांना नीट समजावून सांग: ओटीपी म्हणजे ‘माल मिळाला’ ही सही. दारात उघडून दाखवायची सोय निवडली असेल तर आधी खोका उघडायचा, आत काय आहे ते बघायचं आणि मगच ओटीपी सांगायचा. २०२२च्या सेलमध्ये दिल्लीकडच्या एका घरी लॅपटॉपच्या खोक्यात कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या निघाल्या. ती बातमी देशभर गाजली. माल घेणारे वडील होते. उघडून बघायचा हक्क त्यांना माहीत नव्हता, त्यांनी ओटीपी आधीच देऊन टाकला होता. मुलाकडे सीसीटीव्ही चित्रण होतं, तरी ग्राहकसेवेने आधी नकारच दिला. वॉचमनकडे महागाचं पार्सल ठेवायला सांगू नकोस. काही कमी निघालं तर आळ त्या गरिबावर येतो.

आता खोका. कारखान्यात ट्रक गेटवर आला की आम्ही आधी चलन बघायचो, मग नग मोजायचो, बाहेरची इजा लिहून घ्यायचो. तपासणी होईपर्यंत माल वेगळ्या जागी ठेवायचा आणि नापास झाला तर लाल चिठ्ठी लावून रिजेक्शन नोट काढायची. शॉप फ्लोअरवरून कोणी कितीही ओरडलं तरी तपासल्याशिवाय माल आत जायचा नाही. तेच घरात कर. पार्सलच्या लेबलवर बहुधा वजन छापलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघ. ग्राफिक्स कार्डाचं खोकं अर्ध्याच वजनाचं भरलं तर उघडायच्या आधीच फोटो काढ. मग सहाही बाजूंचे फोटो. त्यानंतर एका दमात, न तोडता व्हिडिओ: लेबलवरचं नाव आणि ऑर्डर नंबर वाचता येईल असा, टेप कापताना हात चौकटीबाहेर न जाता, आतला खोका, त्याचं सील, सीरियल नंबर आणि मग भागावरचा सीरियल नंबर. खोक्यावरचा, भागावरचा आणि बिलावर असेल तर बिलावरचा, तिन्ही नंबर जुळायला हवेत. हा व्हिडिओ फोनमध्ये मूळ रूपात ठेव. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत दाबून लहान होते. शिवाय पुढे ग्राहक आयोगात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा झाला तर नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३खाली प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फाइल हाताशी असलेली बरी.

मदरबोर्डपाशी सगळ्यात सावकाश हो. इंटेलच्या बोर्डावर, आणि एएमडीच्या एएम५ बोर्डावरही, बारीक टाचण्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. एक टाचणी वाकली की ‘ग्राहकाकडून इजा’ असा शेरा पडतो आणि वॉरंटी गेली. म्हणून प्रोसेसर बसवायच्या आधी काळी प्लॅस्टिकची टोपी काढून सॉकेटचा उजेडात, तिरक्या कोनातून, जवळून फोटो घे. आणि ती टोपी फेकू नकोस! बोर्ड परत पाठवायचा झाला तर टोपीशिवाय कित्येक सर्व्हिस सेंटरं घेत नाहीत. टोपी, अँटिस्टॅटिक पिशवी, फोम, खोका, सगळं बदलीची मुदत संपेपर्यंत कपाटावर राहू दे. घरचे कुरकुर करतील, त्यांना माझं नाव सांग.

भाग चालला नाही म्हणून लगेच ‘डेड’ म्हणून परत धाडू नकोस. तसं केलंस आणि तपासणीत भाग चांगला निघाला, तर पुढच्या खऱ्या तक्रारीलाही कोणी किंमत देत नाही. एएम५ बोर्डावर डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड ती ओळखून घ्यायला काही मिनिटं घेतो आणि तोवर पडदा काळाच असतो. पोरं घाबरून बटण दाबून बंद करतात आणि मग तेच चक्र पुन्हा. थांबायचं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, मग मॉनिटरची केबल बोर्डाला लावून चित्र येणारच नाही. ती ग्राफिक्स कार्डाला लाव. बोर्ड जुन्या बायॉसचा आणि प्रोसेसर नंतरच्या पिढीचा असला तरी तसंच होतं. बी६६० बोर्डावर तेराव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण बायॉस आधी अपडेट करावा लागतो. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय नुसत्या पेन ड्राइव्हने ते करता येतं, माहितीपुस्तकात बघ. प्रोसेसरची वीज नेणारी आठ पिनांची वेगळी वायर लावायची राहिली की पंखे फिरतात, बाकी काही होत नाही. एक रॅम, एक स्लॉट, बाकी सगळं काढून, बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून चालवून बघ. तरीही नाही चाललं तर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे ने. दुसऱ्या रॅमवर, दुसऱ्या पॉवर सप्लायवर तपासून काय दिसलं ते त्याच्या लेटरहेडवर तारखेसह लिहून घे. त्या एका कागदाने ग्राहकसेवेचं बोलणं बदलतं, हे मी माझ्या काउंटरवर पाहिलंय.

तक्रार करायची ती लेखी. फोनवर बोलावं लागलं तर फोन ठेवल्याबरोबर ईमेल टाक: आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधीशी बोलणं झालं, त्यांनी असं असं सांगितलं, चूक असेल तर कळवा. चॅट संपायच्या आत तिची पूर्ण प्रत काढून घे. तक्रारीत ऑर्डर नंबर, तारीख, काय मागवलं, काय आलं, काय तपासलं, काय हवं, कधीपर्यंत हवं एवढंच लिही. रागाचा परिच्छेद नको, वाचणारा तो वगळतो आणि त्याबरोबर तुझा मुद्दाही वगळतो. मागणी एकच ठेव: बदली किंवा पैसे परत. आज बदली, उद्या परतावा, परवा कूपन असं मागत गेलास तर प्रत्येक वेळी नवी तक्रार उघडते आणि जुनी ‘निकाली’ म्हणून बंद होते. संकेतस्थळाच्या वॉलेटमध्ये पैसे देतो म्हणाले तर नको म्हण. ज्या खात्यातून गेले त्यात यायला हवेत. आणि समोरून बोलणाऱ्या मुला-मुलींशी नीट बोल. हिंजवडी-खराडीला रात्रपाळी करणारी आपल्याच घरची पोरं असतात ती, नियम त्यांनी केलेले नाहीत.

ग्राहकसेवेचा नंबर गुगलवर शोधू नकोस. तिथे ठगांनी खोटे नंबर पेरलेले असतात. ते गोड बोलून फोनमध्ये अ‍ॅप घ्यायला लावतात, दहा रुपये पाठवा म्हणतात आणि खातं रिकामं होतं. नंबर फक्त अ‍ॅपमधून किंवा बिलावरून घे. चुकून असं कोणाचं झालं तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच मिनिटाला फोन कर, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

माल परत घ्यायला माणूस येतो तेव्हाही सगळं उलट क्रमाने कर. पॅक करताना व्हिडिओ, सीरियल नंबर, वजन, आणि नेणाऱ्याकडून पावती किंवा मेसेज आल्याशिवाय खोका हातातून सोडू नकोस. ‘परत आलेला भाग वेगळाच आहे’ असं म्हणून परतावा अडवला जातो, तेव्हा हाच व्हिडिओ तुझ्या बाजूने बोलतो. सर्व्हिस सेंटरवर गेलास तर जॉब शीट घे आणि त्यावर ‘बाहेरून इजा नाही’ हे त्यांच्यासमोर लिहून घे. नंतर ओरखडा सापडला असं कोणी म्हणू शकणार नाही.

एवढं करूनही दाद नाही मिळाली तर पुढची पायरी चढायची. संकेतस्थळाच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क असतो, तो दाखवणं सक्तीचं आहे. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावं असं २०२०चे नियम सांगतात. सदोष, खोटा किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. तेव्हा ‘आमच्या पॉलिसीत परतावा नाही’ हे उत्तर आलं की पत्रात नियमाचं नाव घालून उत्तर पाठव. पॉलिसी कायद्यापेक्षा मोठी नसते. पैसे कापले गेले पण ऑर्डरच झाली नाही, असं असेल तर ते बँकेचं काम. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे अशा फसलेल्या यूपीआय आणि कार्ड व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. ते खटला चालवत नाहीत, तुझी तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर नेऊन ठेवतात, आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठी सोय केली: कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तू राहतोस त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यात, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. हे पोर्टल १ जानेवारी २०२५ला सुरू झालं. सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती उलटू देऊ नकोस.

इथे आपल्या पट्ट्यातल्या माणसाला एक गोष्ट माहीत हवी. बिलावर वर्कशॉपचा जीएसटी नंबर टाकला की कराची वजावट मिळते, म्हणून तुझे मित्र घरचा कॉम्प्युटरही वडिलांच्या फर्मच्या नावावर घेतात. वाद झाला की समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो की हा माल व्यापारी कामासाठी घेतला, हा ग्राहकच नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट हा सुप्रीम कोर्टाचा १९९५चा निकाल याच वादावरचा आहे. महाराष्ट्रातल्या एका छोट्या कारखान्याने कोइमतूरहून सीएनसी यंत्र मागवलं. ते उशिरा आलं आणि सदोष निघालं. राज्य आयोगाने कारखान्याच्या बाजूने निकाल दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला आणि सुप्रीम कोर्टानेही कारखानदाराला ग्राहक मानलं नाही. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वतः राबून वापरायची वस्तू असेल तर सूट आहे, पण ते सिद्ध करत बसावं लागतं. घरचा कॉम्प्युटर तुझ्या स्वतःच्या नावावर, तुझ्या पैशाने घे.

हे हक्क आयते मिळालेले नाहीत. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा ‘ग्राहक’ म्हणून कोणाला विचारायची रीतच नव्हती. २४ डिसेंबर १९८६ला पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्यामागे अशा माणसांची वर्षानुवर्षांची पायपीट आहे. आपण आठशे रुपयांच्या पंख्यासाठी कोण भांडतो म्हणून गप्प बसलो की विक्रेत्याला तेच हवं असतं. मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण पुढचा खराब पंखा एखाद्या शिकणाऱ्या पोराच्या घरी जातो, आणि त्याच्यासाठी ते आठशे रुपये मोठे असतात.

तेव्हा रक्कम लहान असली तरी तक्रार नोंदव आणि तिचा नंबर लिहून ठेव. बिल, स्क्रीनशॉट, व्हिडिओ, ईमेल सगळं एका फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे ठेव. आयोगापर्यंत जायची वेळ आली तर तो फोल्डर घेऊन माझ्याकडे ये, अर्ज आपण दोघं बसून मराठीत लिहू. पुण्याच्या जिल्हा आयोगात मराठी अर्ज चालतो.